पावसाळा आला की पडद्याला झोळ: घरच्या प्रोजेक्टर पडद्याच्या सुरकुत्या पुन्हा पुन्हा का येतात

एप्रिल-मेमध्ये ताणून बसवलेला पडदा टिचकी मारली की ढोलकीसारखा वाजतो. मृग जातो, आषाढ जातो, तरी तो बरा असतो. मग श्रावणात तीन-चार दिवस चांगली उघडीप पडते. रात्री जेवणं आटपून घरची मंडळी मॅच बघायला बसतात, कॅमेरा मैदानावरून सरकतो आणि सीमारेषेची दोरी पडद्याच्या मध्यावर आली की खाली वाकते, पुढे गेली की सरळ होते. झोळ पडलेला असतो. दुसऱ्या दिवशी पडदा उतरवायचा, स्टेपल उपटायचे, पुन्हा ताणून ठोकायचा. पुढच्या श्रावणात परत तेच.

माझं घर रत्नागिरीत. माडीवरची खोली बारा बाय पंधरा फुटांची. तीन पावसाळे मी हाच उद्योग केला. चौथ्या वर्षी पडद्याची बांधणीच बदलली, त्यानंतर दोन पावसाळे गेले आणि पडदा जसाच्या तसा आहे. मधल्या काळात ओळखीच्या पाच-सहा घरांतले पडदे बघितले, त्यांतले काही दुरुस्त करून दिले. बाकी कारणं घरोघरी वेगळी होती, पण एक गोष्ट सगळीकडे सारखीच निघाली: कापड चौकटीला पक्कं ठोकलेलं होतं. कापड ऋतूप्रमाणे हलतं, लाकूडही हलतं. या हालचालीला कुठेच जागा ठेवलेली नसेल तर ती कापडावर उमटते. म्हणून पडद्याला ताण हवाच, पण तो रबराचा किंवा स्प्रिंगचा हवा, खिळ्याचा नको. खाली जे लिहिलंय ते सगळं यातूनच आलेलं आहे.

आधी दोष पडद्याचाच आहे ना, ते बघा

बहुतेक प्रोजेक्टरांच्या मेनूमध्ये उभ्या-आडव्या रेघांचा टेस्ट पॅटर्न असतो. नसेल तर चौकटीच्या वहीच्या पानाचा फोटो काढून तोच लावा. रेघ जिथे वाकडी दिसते तिथे पडद्याच्या कडेला पेन्सिलने बारीक खूण करा आणि प्रोजेक्टर वीतभर बाजूला सरकवा. वाकडेपणा खुणेपाशीच राहिला तर दोष पडद्यात आहे. चित्राबरोबर तोही सरकला तर दोष प्रोजेक्टरच्या लेन्समध्ये किंवा कीस्टोनच्या, म्हणजे तिरकं पडलेलं चित्र चौकोनी करायच्या, सेटिंगमध्ये आहे. आणि अख्खं चित्रच वर अरुंद, खाली रुंद दिसत असेल तर पडद्याला हात लावू नका. प्रोजेक्टर पडद्यासमोर काटकोनात नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पंखा बंद करूनही एकदा बघा. नुसत्या वरच्या दांडीवर सोडलेला पडदा पंख्याच्या वाऱ्याने हलतो आणि आपण त्याला सुरकुती समजतो. प्रोजेक्टर छताला टांगला असेल तर पंख्याची थरथर त्याच्यापर्यंत जाऊन चित्र हलतं, तेही असंच फसवतं.

मग मोबाइलच्या टॉर्चची परीक्षा. खोलीत अंधार करा आणि टॉर्च पडद्याच्या कडेला अगदी चिकटवून धरा, म्हणजे उजेड कापडाला घासत पलीकडे जाईल. दिवसा जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे डोंगर-दऱ्या दिसायला लागतात. चारही बाजूंनी असं करून फोटो काढून ठेवा, दुरुस्ती करताना तो फोटोच कामाला येतो. पडद्याच्या अगदी खाली ठेवायचे अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर घेणाऱ्यांनी ही परीक्षा आधीच करावी, कारण त्यांचा उजेड पडद्यावर असाच घासून पडतो. साध्या प्रोजेक्टरला जी लाट दिसत नाही, ती त्यांना ठळक दिसते. अशा प्रोजेक्टरसमोर कापडापेक्षा कडक, सपाट पृष्ठभाग बरा.

सुरकुती कुठल्या दिशेने आहे?

कुठली सुरकुती आहे हे न बघता आपण सगळं कापड नव्याने ताणायला जातो, तिथेच निम्मी मेहनत वाया जाते. दिशा बघितली की कारण बरंचसं कळतं.

कोपऱ्यातून तिरकी निघून मध्याकडे जाणारी सुरकुती असेल तर तो कोपरा जास्त ओढला गेलाय, किंवा चौकट काटकोनात नाही. टेप घेऊन दोन्ही कर्ण मोजा. १६:९ प्रमाणात १०० इंची पडदा म्हणजे साधारण ८७ इंच १ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) रुंद आणि ४९ इंच उंच. दोन्ही कर्ण शंभर-शंभर यायला हवेत. एक १०० आणि दुसरा ९९ इंच ४ सूत आला तर चौकट कलली आहे, आणि कापड कितीही ओढलंत तरी ती तिरकी सुरकुती जाणार नाही. कोपऱ्यात गुण्या (सुताराचा काटकोन) लावून बघितला म्हणून निश्चिंत राहू नका. एवढ्याशा गुण्यावर केसभर दिसणारी चूक सात फुटांच्या पट्टीच्या टोकाला बोटभर होते. कर्णच मोजायचे.

कर्ण बरोबर आहेत आणि तरी तिरक्या लाटा आहेत, तर कापड तिरकं कापलं गेलंय. विणकामातले उभे-आडवे धागे चौकटीला समांतर नसले की कापड एका तिरक्या दिशेने जास्त ताणतं. यावर दुसरा उपाय नाही, एक धागा काढून त्या रेघेवर कापड नव्याने कापावं लागतं. अस्तर चढवलेल्या कापडाचा धागा निघत नाही, तिथे काठाला समांतर रेघ आखून कापायचं.

कडेला तोरणासारख्या अर्धगोल चुण्या दिसत असतील तर स्टेपलमधलं अंतर जास्त आहे. प्रत्येक स्टेपलपाशी कापड ओढलेलं आणि दोघांच्या मधे सैल. कडेपासून दोन-तीन इंचांतच उभ्या लाटा असतील तर दोष कापडाच्या काठाचा असतो. काठाची वीण घट्ट असते, मधलं कापड थोडं सैलावलं तरी काठ सैलावत नाही, आणि मग चुण्या पडतात. काठ कापून टाका. कापड वाया जातं म्हणून मी पहिल्यांदा ठेवला होता, आणि वर्षभर त्या लाटा कशाच्या ते शोधत राहिलो.

सरळ, पट्टीने आखल्यासारखी रेघ असेल तर ती दुकानातली घडी. ब्लॅकआऊट कापड (खिडकीच्या पडद्याचं, उजेड अडवणारं, अस्तर चढवलेलं कापड) घेताना घडी घालू देऊ नका, पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून द्यायला सांगा.

आणि मध्यभागी मोठा, मऊ झोळ, जो मे महिन्यात नव्हता आणि श्रावणात आला, तो या लेखाचा खरा विषय.

झोळ पावसात पडत नाही, उघडिपीत पडतो

हे ध्यानात यायला मला दोन वर्षं लागली. पाऊस धो धो असताना पडदा उलट जास्तच ताठ असायचा. हवा कोरडी झाली की सैल पडायचा.

माझा पहिला पडदा मांजरपाटाचा होता, त्यावर पांढरा मॅट इमल्शन रंग मारलेला. सुती धागा हवेतलं पाणी भरपूर धरतो. २० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रतेला सूत स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी घेऊन बसतं. त्याच हवेत पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के घेतं. आपल्याकडे किनाऱ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता कित्येक दिवस ८५ टक्क्यांच्या खाली येत नाही. पाणी पिऊन सूत जाडीला फुगतं. फुगलेल्या धाग्याला वेढा घालून जायचं तर आडव्या धाग्याला जास्त लांबी लागते, म्हणून घट्ट विणीचं कापड आखडतं. आखडलं की ते चारी बाजूंनी चौकटीला ओढतं. चौकट पक्की, स्टेपल पक्के. मग स्टेपलपाशी भोकं लांबतात, पट्टी आत वाकते, कापडाचा धागाही थोडा सैलावतो. चार दिवस ऊन पडलं की सूत सुकतं, कापड पुन्हा लांब होतं, पण भोकं काही लहान होत नाहीत. मधे जे उरतं तोच झोळ. आणि हे एका पावसाळ्यात एकदा होत नाही, प्रत्येक सर आणि प्रत्येक उघडिपीत थोडं थोडं होतं.

कोरं कापड न धुता वापरलं तर याच्या जोडीला पहिल्या पाण्याचं आटणं येतं. इमल्शनमध्ये पाणीच असतं. रंग मारला की कापड ओलं होऊन आटतं, तेही सगळीकडे सारखं नाही. जिथे रोलर दोनदा फिरला तिथे जास्त. रंगवायचंच असेल तर कापड आधी दोनदा धुऊन, सुकवून, मगच चौकटीवर घ्या.

लाकडाचं म्हणाल तर लांबीत ते फारसं वाढत-घटत नाही. ते फिरतं आणि वाकतं. माझी दुसरी चौकट पाइनच्या दीड इंची पट्ट्यांची होती. तिसऱ्या पावसाळ्यानंतर ती सुतारकाकांकडे घेऊन गेलो.

"काका, लाकूड ओलं दिलंत वाटतं. वरची पट्टी वाकली बघा."

त्यांनी पट्टी सोडवली, एक टोक डोळ्याला लावलं, दुसरा डोळा मिटून तिच्या लांबीवरून नजर टाकली. मग टेबलावर ठेवून मधे बोट सरकवून दाखवलं. अर्धा इंच फट होती.

"लाकूड वाकलं नाही, तुम्ही वाकवलंत. सात फूट पट्टी, मधे आधार नाही, आणि कापड तिला रात्रंदिवस ओढतंय. बाजेची नवार सैल पडली तर पायथ्याची दोरी ओढता, का नवार खुराला ठोकता?"

बाजेला पायथ्याकडे दोरी असते ती याचसाठी. नवार सैलावणारच, हे धरूनच बाज बांधलेली असते. सिनेमागृहातला मोठा पडदाही चौकटीला ठोकलेला नसतो. त्याच्या कडांना आयलेट, म्हणजे धातूची कडी बसवलेली भोकं, असतात आणि तो दोरी किंवा स्प्रिंगांनी भोवतालच्या चौकटीला ओवलेला असतो. हे मला माहीत होतं. घरच्या पडद्याला तेच लागू पडतं, हे मात्र काकांनी बाजेचं नाव काढल्यावर सुचलं.

जे करून फायदा झाला नाही

पाण्याचा फवारा. नुसतं सुती कापड यानं तात्पुरतं आखडतं आणि झोळ गेल्यासारखा वाटतो. सुकलं की परत येतो. रंगवलेल्या कापडावर डाग पडतात. इस्त्रीनं दुकानाची घडी जाते, झोळ जात नाही. ब्लॅकआऊट कापडावर तर अस्तराच्या बाजूने इस्त्री कधीच फिरवू नका, अस्तर वितळून इस्त्रीला चिकटतं. घडी काढायचीच असेल तर कापडाच्या बाजूने, मधे सुती पंचा ठेवून, मंद इस्त्री. फेव्हिकॉलने कडा चिकटवणं सगळ्यात वाईट, कारण पुढच्या दुरुस्तीची वाटच बंद होते. खालच्या दांडीला वजन बांधल्याने उभा ताण येतो, आडवा येत नाही. त्यामुळे आडवा झोळ जातो आणि उभ्या पन्हाळी पडतात.

माझी आताची बांधणी

मापं माझ्या पडद्याची देतो, तुम्ही तुमच्या मापाने बदला. चित्र ९२ इंची, म्हणजे ८० बाय ४५ इंच. हे माप कापडाच्या पन्ह्यावरून ठरलं. ब्लॅकआऊट कापड आमच्या बाजारात ५४ इंच पन्ह्याचं सहज मिळतं. १०० इंची पडद्याची उंची ४९ इंच. काठ कापून, चारी बाजूंना दुमड ठेवून ५४ मध्ये ते बसत नाही. मधे जोड देऊन शिवलेला पडदा मी कुणालाही सुचवणार नाही. ती शिवण प्रत्येक उजळ दृश्यात दिसते. मोठाच पडदा हवा तर मोठ्या पन्ह्याचं कापड शोधा.

५४ मधून दोन्हीकडचे काठ कापून कापड ५१ बाय ८६ इंच केलं. चारही बाजूंना दोन-दोन इंच मागे वळवून नेफा शिवून घेतला. पडदे शिवणाऱ्या शिंप्याकडेच हे काम द्या आणि टाका मोठा घालायला सांगा. बारीक टाक्याची शिवण अस्तराच्या कापडाला टपाल तिकिटासारखी भोकं पाडते आणि ताण आला की तिथूनच ते फाटतं. धागा पॉलिएस्टरचा. शिवल्यावर कापड ८२ बाय ४७ इंच झालं, म्हणजे चित्राच्या बाहेर सगळीकडे एकेक इंच.

नेफ्यात ८ मिलीमीटरच्या ॲल्युमिनियमच्या सळ्या घातल्या. सळीची टोकं कानशीने गोल करून घ्या, नाहीतर ती कापडातून बाहेर येतात. चारही सळ्या कोपऱ्यापासून दीड इंच अलीकडे थांबवायच्या, म्हणजे एकमेकींना अडत नाहीत. या सळीमुळेच तोरणासारख्या चुण्या पडत नाहीत, कारण हुक दर चार इंचांवर असला तरी ओढ अख्ख्या कडेला सारखी बसते.

चौकट या वेळी लाकडाची केली नाही. सरकत्या खिडक्या बनवणाऱ्याकडून दोन बाय एक इंची ॲल्युमिनियम सेक्शनची करून घेतली, बाहेरून ९१ बाय ५६, आतून ८७ बाय ५२ इंच. आतले दोन्ही कर्ण १०१ इंच ३ सूत यायला हवेत. दोन सुतांपर्यंत फरक चालेल, त्याहून जास्त असेल तर तिथल्या तिथे रिव्हेट काढून दुरुस्त करायला लावा. मधे मागच्या बाजूने एक उभी पट्टी हवीच, तीच लांब बाजूंना वाकू देत नाही. ती कापडाला टेकता कामा नये. लाकूडच वापरायचं असेल तर मरीन प्लायच्या पट्ट्या दोन थरांत जोडून घ्या, त्या एकसंध पट्टीपेक्षा कमी फिरतात.

आता रबर. पहिल्यांदा मी शिवणकामाचं चपटं इलॅस्टिक वापरून बघितलं, ते वर्षभरात मेलं. खिडकीच्या पडद्याला लावतो ती प्लॅस्टिक चढवलेली स्प्रिंग फार ताठ, छोट्या तुकड्याला ताणच घेत नाही. टिकलं ते सायकलच्या ट्यूबचं रबर. पंक्चरवाल्याकडे टाकाऊ ट्यूब मिळतात. माउंटन सायकलची रुंद ट्यूब घ्या आणि ती आडवी कापत बांगडीसारख्या एक-एक सेंटिमीटरच्या चकत्या काढा. चपटी धरली तर प्रत्येक चकती पावणेदोन इंच भरते. आत पांढरी पावडर असते, बाहेर काजळी. चकत्या साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवून, चोळून धुऊन, सुकवून मगच पडद्याजवळ आणा. काळं बोट पांढऱ्या कापडाला लागलं तर तो डाग निघत नाही, म्हणून बसवताना मी हातमोजे घालतो.

चौकटीच्या पुढच्या बाजूला, आतल्या कडेपासून एक इंचावर, दर चार इंचांनी स्क्रू. त्याच्या समोर नेफ्याला छोटा काप, त्यातून एस आकाराचा एक इंची हुक सळीत अडकवायचा, हुकात रबर, रबर स्क्रूला. ९२ इंची पडद्याला साठ-बासष्ट रबरं लागली. रबर बसल्यावर आपल्या लांबीच्या साधारण दीडपट ताणलेलं असावं. सैल राहिलं तर कापड आखडण्या-सैलावण्याला पुरं पडत नाही, आणि टोकापर्यंत ताणलं तर ते खिळ्यासारखंच वागतं.

क्रम चुकवू नका. चौकट जमिनीवर चादर अंथरून आडवी ठेवा. वरच्या बाजूचं मधलं रबर, मग खालचं मधलं, मग डावं मधलं, उजवं मधलं. मग प्रत्येक बाजूला मध्यापासून दोन्हीकडे एक-एक पुढे जात, समोरासमोर. कोपरे सगळ्यात शेवटी. कोपऱ्यापासून सुरुवात केली तर मधे जमलेल्या जादा कापडाला जायला वाटच राहत नाही. उभं केल्यावर पुन्हा टॉर्चची परीक्षा घ्या. जिथे लाट दिसेल त्याच्या समोरच्या दोन-तीन रबरांना स्क्रूभोवती एक वेढा द्या किंवा एक वेढा काढा. एरवी अख्खा दिवस जायचा ते काम इथे दहा मिनिटांचं आहे.

रबरं आणि हुक झाकायला ६ मिलीमीटर प्लायच्या साडेपाच इंची पट्ट्यांवर काळं मखमल चढवून बाहेरची किनार केली. आतलं माप बरोबर ८० बाय ४५. हुकांना धक्का लागू नये म्हणून पट्टीखाली १२ मिलीमीटरचे तुकडे, आणि पट्टी वेल्क्रोने, म्हणजे पावसाळ्यात उघडून बघता येते. मखमल चकचकीत नको. चित्राची कड थोडी बाहेर सांडली तरी मखमल तो उजेड गिळून टाकतं.

कापड कुठलं

ओल्या हवेच्या गावात मी सुती कापड सुचवणार नाही, रंगवलेलं असो वा कोरं. ब्लॅकआऊट कापड घेताना मूळ वीण पॉलिएस्टरची आहे का ते विचारा आणि दोन्ही बाजूंवर प्रोजेक्टर मारून बघा. काहींची अस्तराची बाजू जास्त गुळगुळीत असते, काहींच्या त्याच बाजूला पिवळट झाक असते. डोळ्यांनी ठरवा.

दुसरा चांगला पर्याय पांढरं लायक्रा. चारी दिशांना ताणतं, म्हणून त्याला सुरकुत्याच कमी पडतात, आणि ते थेट चौकटीवर चढवलं तरी चालतं कारण रबर कापडातच आहे. सगळीकडे सारखं ताणलं गेलंय का हे कळायला कडेला दर सहा इंचांवर पेन्सिलच्या खुणा करा आणि ताणल्यावर दोन खुणांमधलं अंतर मोजा. लायक्रातून उजेड आरपार जातो, म्हणून मागे काळं लायक्रा हवं. चित्र थोडं मंद होतं. पडद्यामागे स्पीकर ठेवायचा असेल तर मात्र यासारखं कापड नाही.

फ्लेक्स स्वस्त आहे आणि तालुक्याच्या गावीही छापून देणाऱ्याकडे कोरा मिळतो. अंगणात, गणपतीत, एका रात्रीसाठी उत्तम. घरात कायमचा नको, त्याच्या चकचकीत पृष्ठभागावर मधोमध उजेडाचा गोळा दिसतो आणि उन्हाळ्यात तो मऊ होऊन लांबतो.

याच्या जोडीला येणाऱ्या तक्रारी

चित्र फिकं पडतं, ही तक्रार बहुतेक वेळा पडद्याच्या आकाराची असते. डिजिटल सिनेमागृहात पडद्यावरच्या पांढऱ्याचं मानक ४८ निट (पडद्याच्या उजळपणाचं माप) आहे. गेन १ असलेल्या, म्हणजे साध्या मॅट पांढऱ्या, ९२ इंची पडद्याला तेवढं उजळायला सुमारे ३५० ल्युमेन (प्रोजेक्टरच्या उजेडाचं माप) पडद्यावर पोचावे लागतात, १२० इंचीला सुमारे ६००. स्वस्त प्रोजेक्टरच्या खोक्यावरचा आकडा यात धरू नका.

पडद्यामागच्या भिंतीवर चित्र दिसत असेल तर कापडातून उजेड जातोय. मागे काळं कापड लावल्याने भिंतीचा रंग परत येत नाही, पण गेलेला उजेडही परत येत नाही. बुरशीचे काळे ठिपके टाळायला पडदा भिंतीपासून दोन इंच तरी पुढे टांगा. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर तर लावूच नका.

आधीच स्टेपल केलेला पडदा असेल तर

सगळं मोडायची गरज नाही, आणि पावसाळ्यात तर मोडूच नका. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की काम काढा. कापड ओलसर हवेत ताणून बसवलं तर ते सुकल्यावर सैल पडतं, कोरड्या हवेत बसवलं तर निदान सुरुवात ताठ असते.

आधी कर्ण मोजा आणि चौकट काटकोनात आणा, कोपऱ्यांना मागून प्लायचे त्रिकोणी तुकडे मारा. मधे उभा आधार नसेल तर तो द्या. लांब पट्टी आत वाकली असेल तर आधाराचा तुकडा दोन सूत जास्त लांब कापून तिला बाहेर ढकला. मग फक्त खालच्या आणि एका उभ्या बाजूचे स्टेपल काढा. बाकीच्या दोन बाजू तशाच राहू द्या. सुटलेल्या कडांना कापडाची दुमड उरली असेल तर त्यातच, नाहीतर जाड पॉलिएस्टर पट्टी जोडून नेफा करा, सळी घाला आणि या दोन बाजू चौकटीच्या मागे वळवून मागच्या अंगाला रबरांनी बांधा. चौकटीची पुढची कड रंधा मारून किंचित गोल करून घ्या, म्हणजे कापड तिच्यावरून अडखळत नाही, सरकतं. ते सरकणंच आपल्याला हवंय. कडेवर मेणबत्तीचं मेण घासलं तर आणखी बरं.

दोनच बाजूंनी रबर असल्याने कापड ऋतूप्रमाणे एखाद-दोन सूत खाली किंवा बाजूला सरकेल, मखमलीच्या किनारीत ते खपून जातं. माझ्या मावसभावाचा पडदा मागच्या वर्षी असाच केला. या श्रावणात त्याच्याकडे जाऊन टॉर्च लावून बघितली. वरच्या, स्टेपलच्या बाजूला दोन छोट्या चुण्या होत्या, रबराच्या बाजूंना एकही नव्हती. आता दिवाळीनंतर वरची बाजूही सोडवायची ठरली आहे, चकत्या कापून तयार आहेत.